दुरुस्ती ही दारिद्र्याची खूण नव्हे

तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी भंगारवाल्याच्या काट्यावर एखादे जुने तेल-इंजिन चढते, तेव्हा त्याकडे कोणी मान वळवूनही पाहत नाही. दोन जड चाके, बिडाचा ठोकळा, गंजलेली डिझेलची टाकी. सारे मिळून तीनशे किलोंच्या आसपास वजन. भाव किलोवर ठरतो. ज्या यंत्राने एका घराच्या दोन पिढ्यांचा ऊस आणि गहू भिजवला, त्याचे मोल अखेरीस बिडाच्या मोलावर येऊन टेकते. शेतकरी नोटा मोजून घेतो, त्यात पदरची आणि बहुधा कर्जाची भर घालतो आणि नवे यंत्र घेऊन घरी जातो. विक्रेत्याने त्याला सांगितलेले असते की जुने आता परवडत नाही. शेजाऱ्याने सांगितलेले असते की काळ बदलला. आणि सरकारी कचेरीत सांगितलेले असते की नव्यावर अनुदान आहे. या तिघांपैकी कोणीही एक साधा प्रश्न मात्र विचारलेला नसतो. त्या इंजिनाला झाले तरी काय होते?

पुष्कळदा उत्तर अगदी किरकोळ असते. रिंगा झिजलेल्या असतात, लाइनर खाल्लेला असतो, नोझल नीट फवारा न मारता थेंब टाकत असते, व्हॉल्व्ह बसत नसतात. म्हणजे यंत्र मेलेले नसते, आजारी असते. आजारी यंत्राला मृत ठरवून त्याचे भंगार करणे हा व्यक्तीचा गैरसमज असता, तर त्याची चर्चा साप्ताहिकाच्या या पानावर करण्याचे कारण नव्हते. परंतु तो गैरसमज नसून ती एक व्यवस्था आहे. तिच्यातून कोणाला तरी नफा मिळतो आणि कोणाला तरी बुडवले जाते. हा हिशेब मांडणे समाजवाद्यांचे काम आहे. आणि ते त्यांनी आजवर पुरेसे केलेले नाही, हेही येथे स्पष्ट म्हटले पाहिजे.

उघडता येणारे यंत्र

इंग्लंडातील डर्स्ली येथील लिस्टर कारखान्याने १९२९ साली एक संथ गतीचे, एका सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे डिझेल इंजिन बाजारात आणले. मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेरे, पाच-सहा अश्वशक्ती, दोन्ही बाजूंना जड चाके आणि हाताने हँडल मारून चालू करण्याची सोय. या घडणीची इंजिने पुढे भारतात इतक्या ठिकाणी तयार झाली, की ‘लिस्टर’ हे नाव कारखान्याचे न राहता जातीचे झाले. राजकोटच्या छोट्या कारखानदारांनी ती बनवली. महाराष्ट्रात सातारच्या कूपर कारखान्याची स्थापना १९२२ची, पुण्याच्या खडकीतील किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची १९४६ची. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकाम आणि यंत्रकाम करणाऱ्यांची एक पिढीच या इंजिनांवर उभी राहिली. विहिरीवरचा पंप, गुऱ्हाळाचा चरक, पिठाची गिरणी अशी निरनिराळी कामे एकच इंजिन करी. गरज पडेल तेथे ते बैलगाडीत घालून नेले जाई.

या इंजिनाचा खरा गुण त्याच्या अश्वशक्तीत नव्हता. ते उघडता येत असे, हा तो गुण होता. त्याच्या सिलिंडरमधील लाइनर स्वतंत्र असतो. झिजला की काढून नवा बसवता येतो. जेथे लाइनर बदलायचा नसेल तेथे बोअर मारून मोठ्या मापाचा पिस्टन घालता येतो. क्रँक घासून घेता येतो आणि कमी मापाची बेअरिंगे बसवता येतात. हेडचे पॅकिंग, नोझल, प्लंजर, सारे सुटे. आणि ते सुटे करायला पान्यांचा एक संच, एक ओढणी आणि एक जाणता माणूस पुरतो. अवघड काम असेल तरच लेथवर किंवा बोअरिंगच्या यंत्रावर जावे लागते. दुसऱ्या शब्दांत सांगायचे, तर यंत्र बनवणाऱ्याने आपले ज्ञान यंत्राच्या आत कुलूपबंद केलेले नव्हते. ते कारखान्याबाहेर पडून तालुक्याच्या मिस्त्रीच्या हातात उतरू शकत होते, आणि उतरलेही.

आज शेतात दिसणारे छोटे इंजिन निराळे आहे. कोळपणी यंत्रावरचे, फवारणी पंपावरचे किंवा गवत कापणीच्या यंत्रावरचे इंजिन ॲल्युमिनियमचे, पंधरा-वीस किलोंचे किंवा त्याहून हलके, आणि मिनिटाला तीन हजार सहाशे किंवा त्याहून अधिक फेऱ्यांवर पळणारे असते. हलकेपणा हा दोष नव्हे. जे यंत्र एकट्या बाईला उचलून बांधावरून नेता येते त्याची थट्टा करण्याचा अधिकार शहरात बसून लेख वाचणाऱ्यांना नाही. आक्षेप वेगळा आहे. पुष्कळ स्वस्त दोन-स्ट्रोक इंजिनांत सिलिंडरच्या आतल्या अंगावर धातूचा पातळ मुलामा असतो. तो उडाला की बोअर मारण्याची सोयच नाही. जेथे बोअर मारता येतो तेथे मोठ्या मापाचा पिस्टन बाजारात मिळत नाही. आयात करणारा व्यापारी दोन हंगामांनी माल बदलतो किंवा दुकानच बदलतो, आणि मग दोन-अडीचशे रुपयांच्या कार्ब्युरेटरच्या एका भागासाठी हजारो रुपयांचे यंत्र गोठ्यात पडून राहते. ते यंत्र झिजलेले नसते. त्याला पोरके करण्यात आलेले असते.

झिजण्याचे दोन प्रकार

यंत्राची किंमत दोन प्रकारांनी घटते, हे मार्क्सने १८६७ साली ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात दाखवून दिले होते. एक घट वापराने आणि गंजाने होते. दुसरी घट यंत्र सुस्थितीत असतानाच होते. अधिक स्वस्त किंवा अधिक कार्यक्षम यंत्र बाजारात आले की जुन्याचे मोल उतरते. कारखानदाराच्या दृष्टीने मार्क्सने केलेले हे विश्लेषण विसाव्या शतकात उपभोक्त्यावरच उलटवण्यात आले. नवे यंत्र खरोखरच सरस असण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा, जुने लवकर निकामी होईल अशी तजवीज करणे मक्तेदारांना सोयीचे वाटू लागले. १९२४ साली जिनिव्हात विजेच्या दिव्यांच्या बड्या उत्पादकांनी फीबस या नावाने संगनमत केले, दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणण्याचे ठरवले आणि त्याहून जास्त टिकणारे दिवे बनवणाऱ्या सभासदांना दंड लावला. टिकाऊपणा हा गुन्हा ठरून त्याला शिक्षा होते, असा हा बाजाराचा न्याय आहे.

अमेरिकेतील बड्या शेतकऱ्यांनाही हा न्याय चुकलेला नाही. तेथील ट्रॅक्टर दुरुस्त करण्यासाठी लागणारी संगणकप्रणाली कंपनीच्या अधिकृत दुकानापुरती राखून ठेवलेली असते. स्वतःच्या मालकीचे यंत्र स्वतः उघडता यावे यासाठी शेतकऱ्यांना झगडावे लागले, तेव्हा कुठे कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेती-यंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. जॉन डीअर या बलाढ्य कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने जानेवारी २०२५मध्ये याच मुद्द्यावर दावा लावला. खाजगी मालमत्तेचे सोवळे जपणाऱ्या देशात मालकाला आपल्या यंत्राचे झाकण उघडण्यासाठी कायद्याची मदत घ्यावी लागते, यापरते भांडवलशाहीचे मर्मभेदी चित्र शोधायला जाण्याची गरज नाही.

सरकार कोणाच्या बाजूला?

भारतात हे सारे आपोआप घडत आहे असा समज करून घेणे भोळेपणाचे होईल. शासनाची आर्थिक धोरणे दुरुस्तीच्या विरोधात आणि खरेदीच्या बाजूने उभी आहेत. २०१४-१५पासून चालू असलेल्या कृषी यांत्रिकीकरणाच्या उप-अभियानात यंत्राच्या खरेदीला सर्वसाधारणपणे चाळीस ते पन्नास टक्के अनुदान आहे. अनुदान असावे, अल्पभूधारकाला यंत्र मिळावे याला कोण विरोध करील? परंतु घरचे इंजिन नीट बांधून घेऊन आणखी दहा वर्षे चालवू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याला त्या योजनेत जागा नाही. जो टाकतो त्याला सरकारचा पैसा आणि जो जपतो त्याला पदरचा खर्च, अशी ही नीती आहे. अनुदान शेतकऱ्याच्या नावावर जमा होते हे खरे. पण त्याच्या खात्यातून ते विक्रेत्याच्या खात्यात जायला कितीसा वेळ लागतो?

कराचे दर पाहिले म्हणजे चित्र अधिकच स्वच्छ होते. २२ सप्टेंबर २०२५पासून पंधरा अश्वशक्तीपर्यंतच्या स्थिर गतीच्या डिझेल इंजिनावरील वस्तू-सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. दुरुस्तीच्या सेवेवरील सर्वसाधारण दर मात्र १८ टक्केच राहिला. म्हणजे नोंदणी झालेल्या कार्यशाळेत इंजिन बांधून घेणाऱ्याने १८ टक्के भरावयाचे आणि नवे घेणाऱ्याने ५ टक्के. खेड्यातला लहान मिस्त्री वीस लाखांच्या उलाढालीच्या आत असल्याने नोंदणीच्या बाहेर राहतो, असे उत्तर यावर दिले जाईल. ते अर्धेच खरे आहे. तो गिऱ्हाइकाकडून कर घेत नाही, पण सुट्या भागांवर त्याने भरलेला कर त्याला परतही मिळत नाही; तो मजुरीतून तरी जातो किंवा शेतकऱ्याच्या बिलात तरी चढतो.

दुरुस्तीवर कमी कर लावणे तत्त्वतः अशक्य आहे असेही नाही. विमानांच्या देखभाल-दुरुस्तीवरील कर एप्रिल २०२०पासून १८वरून ५ टक्क्यांवर आणला गेला. जून २०२१पासून जहाजांनाही तीच सवलत मिळाली. विमान दुरुस्त करणे हा उद्योग आहे, त्याला उत्तेजन हवे, हे अर्थमंत्रालयाला कळते. विहिरीवरचे इंजिन दुरुस्त करणे हाही उद्योग आहे हे मात्र त्याला कळत नाही. कळत नाही, की कळवून देणारे कोणी दिल्लीत पोहोचत नाही?

याहून बोलकी गोष्ट विश्वकर्मा योजनेची. सप्टेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या या योजनेत अठरा व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, शिंपी, गवंडी यांना प्रशिक्षण, पंधरा हजार रुपयांपर्यंत अवजारांसाठी साह्य आणि सवलतीच्या व्याजाने तीन लाखांपर्यंत कर्ज आहे. त्या यादीत इंजिनाचा मिस्त्री नाही. लोहाराचा मुलगा भात्यापाशी बसून राहिला तर तो विश्वकर्मा. तोच भाता सोडून नोझल तपासायला आणि क्रँक मापायला शिकला, तर शासनाच्या लेखी तो कोणीच नाही. बापजाद्यांचा धंदा सोडणे हीच ज्याची प्रगती, त्याला धंदा सोडल्याबद्दल यादीतून वगळणारी ही योजना कारागिराचा गौरव करते की जातीच्या चौकटीचा, हे वाचकांनीच ठरवावे.

आणि दुरुस्तीच्या हक्काचे काय? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये या हक्काच्या विचारासाठी समिती नेमली; तिच्या विषयांत शेतीची यंत्रेही होती. डिसेंबर २०२२मध्ये एक संकेतस्थळ उघडण्यात आले. मे २०२५मध्ये वस्तू दुरुस्तीला किती सोपी आहे याचा निर्देशांक कसा असावा यावर अहवाल आला, तो मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंना धरून. समिती झाली, संकेतस्थळ झाले, अहवाल झाला. सुटे भाग अमुक वर्षे पुरवलेच पाहिजेत असे उत्पादकाला बजावणारा कायदा तेवढा राहिला.

दोन आक्षेप

जुनी इंजिने डिझेल अधिक खातात आणि धूर ओकतात, हा पहिला आक्षेप. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परंतु धूर कशाचा असतो, याची चौकशी केली पाहिजे. झिजलेल्या रिंगा, थेंब टाकणारे नोझल आणि चुकलेली इंधन-सोडणीची वेळ यांमुळे इंजिन काळा किंवा निळा धूर सोडते. हे तिन्ही दुरुस्तीने जाणारे दोष आहेत. १९७८ साली स्थापन झालेल्या पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्थेने शेतीपंपांच्या सुधारणेची मोहीम चालवली, तिचा सारांशही हाच होता. डिझेलची नासाडी केवळ इंजिनात होत नाही. अरुंद पाइप, नको तितकी वळणे, अडखळणारा फुटव्हॉल्व्ह आणि भलत्याच मापाचा पंप यांत ती होते. नवे इंजिन आणून त्याच जुन्या पाइपाला जोडले, तर नासाडीही नवी होते इतकेच. आणि सुस्थितीतले बीड वितळवून पुन्हा ओतण्यासाठी भट्टीत जो कोळसा आणि वीज जळते, तिचा धूर विहिरीवरून दिसत नाही म्हणून तो नसतो असे नव्हे.

दुसरा आक्षेप असा की वीज आली, आता सौर पंप आले. डिझेल इंजिनाचे दिवस संपले, मग हा शोक कशाला? यात तथ्य आहे. जेथे वीज भरवशाने मिळते किंवा सूर्य पाणी उपसतो, तेथे डिझेल इंजिनाने निवृत्त व्हावे हेच योग्य. धुराचे रक्षण करा असे कोणीही म्हणत नाही. पण हाच प्रश्न नव्या वेषात दारात उभा आहे, इकडे लक्ष वेधले पाहिजे. २०१९च्या कुसुम योजनेतील सौर पंपांना पुरवठादाराने पाच वर्षे देखभाल करावी अशी अट आहे. सहाव्या वर्षी काय? पंपाचा नियंत्रक बंद पडला, तर तो उघडणारा माणूस तालुक्यात आहे काय? त्याचे भाग दुकानात मिळतील काय? डिझेल इंजिनाच्या बाबतीत जे घडू दिले, त्याचीच पुनरावृत्ती अधिक महाग यंत्रांच्या बाबतीत होणार असेल, तर दुरुस्तीचा प्रश्न जुन्याचा नसून येणाऱ्या काळाचा आहे हे मान्य करावे लागेल.

मिस्त्रीचे गोडवे नकोत

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. दुरुस्तीचे समर्थन करताना मिस्त्रीच्या कळकट खोलीला ऋषीचा आश्रम ठरवण्याचा मोह गांधीवादी आणि समाजवादी अशा दोघांनाही होतो. त्या खोलीत काय असते ते एकदा पाहावे. डोळ्यांवर चष्मा न लावता ग्राइंडरवर वाकलेला माणूस असतो. डिझेलने धुऊन धुऊन हातांची कातडी फाटलेली असते. पाने उचलून देणारा एक पोरगा असतो, ज्याने शाळेत असावयास हवे होते आणि ज्याला ‘शिकतो आहे’ या नावाखाली मजुरीऐवजी चहा आणि शिव्या मिळतात. विमा नाही, निवृत्तिवेतन नाही, बोट तुटले तर भरपाई नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा केलेला तरुण या खोलीत येत नाही, आणि तो का येत नाही हे या वर्णनानेच स्पष्ट व्हावे.

दुरुस्तीची अर्थव्यवस्था या शोषणावर उभी राहणार असेल, तर ती समाजवाद्यांची अर्थव्यवस्था नव्हे. नव्या यंत्राच्या किमतीत धातू, भांडवलावरील व्याज, वाहतूक आणि दलाली यांचा वाटा मोठा असतो. दुरुस्तीच्या खर्चात श्रमाचा वाटा मोठा असतो. म्हणूनच दुरुस्तीवर खर्च झालेला रुपया तालुक्यातच फिरतो आणि म्हणूनच बेकारीने पिचलेल्या देशाने तिला प्राधान्य दिले पाहिजे. परंतु श्रमाचा हा वाटा श्रमिकाच्या पदरात पडला तरच या युक्तिवादाला अर्थ आहे. मिस्त्री आधीच स्वस्त आहे. त्याला आणखी स्वस्त करून शेतकऱ्याची सोय पाहणे म्हणजे एका गरिबाच्या ताटातले काढून दुसऱ्याला वाढणे.

काय करावे?

लोहियांनी १९५२च्या पचमढी अधिवेशनात छोट्या यंत्राचा विचार मांडला. भारतासारख्या दाट लोकसंख्येच्या आणि तुटपुंज्या भांडवलाच्या देशाने पश्चिमेची किंवा सोव्हिएट रशियाची अवजड यंत्रव्यवस्था उसनी न घेता आपल्या गरजेचे लहान यंत्र घडवावे, असा तो विचार. त्याचा उच्चार पक्षाच्या शिबिरांत नित्य होतो. पण छोटे यंत्र केवळ आकाराने छोटे असून भागत नाही. आज बाजारात आलेली यंत्रे आकाराने छोटीच आहेत, आणि तरीही ती दूरच्या मोठ्या भांडवलाची गुलाम आहेत, कारण ती उघडण्याची किल्ली वापरणाऱ्याच्या हातात नाही. जे यंत्र गावात दुरुस्त होते तेच लोहियांच्या अर्थाने छोटे.

म्हणून पक्षाने पुढील मागण्या ठराव म्हणून घ्याव्यात आणि त्यांवर तालुक्या-तालुक्यात काम उभे करावे. शासकीय अनुदानास पात्र ठरणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या उत्पादकावर वा आयातदारावर किमान दहा वर्षे सुटे भाग पुरवण्याचे आणि दुरुस्तीची पुस्तिका मराठीत देण्याचे कायदेशीर बंधन असावे. शेती-यंत्रांच्या दुरुस्तीसेवेवरील कर विमानांच्या दुरुस्तीइतका, म्हणजे ५ टक्के करावा. इंजिन, पंप आणि मोटार दुरुस्त करणाऱ्या कारागिरांचा विश्वकर्मा योजनेत समावेश व्हावा. बोअरिंग, क्रँक-घासणी आणि नोझल-तपासणी ही एकट्या मिस्त्रीला न पेलणारी यंत्रे तालुका खरेदी-विक्री संघाच्या किंवा मिस्त्र्यांच्या स्वतःच्या सहकारी संस्थेच्या मालकीची असावीत, आणि तेथे शिकणाऱ्या तरुणाला वेतन व विमा मिळावा.

काही कामांसाठी तर कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. किसान क्रेडिट कार्डाच्या २०१२च्या सुधारित योजनेत कर्जमर्यादा ठरवताना शेती-साधनांच्या देखभाल-दुरुस्तीसाठी २० टक्क्यांची तरतूद धरलेली आहे. ही गोष्ट किती शेतकऱ्यांना ठाऊक आहे? किती सोसायट्यांच्या सचिवांनी ती सांगितली? कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या सोसायटीत आणि बँकेत जाऊन हा प्रश्न विचारावा. त्याच फेरीत गावात बंद पडलेली इंजिने, पंप आणि कोळपणी यंत्रे किती, ती कोणत्या भागावाचून पडून आहेत आणि दुरुस्त करणारे हात किती उरले आहेत, याची यादी करावी. अशी यादी हातात घेऊन तहसील कचेरीवर गेलेला मोर्चा घोषणांनी घसा कोरडा करणाऱ्या मोर्चापेक्षा अधिक ऐकला जातो.

नव्याचा तिटकारा हे समाजवादाचे लक्षण नाही, तसेच जुन्याची पूजाही नाही. वस्तूत साठलेल्या श्रमाचा मान राखणे हे मात्र त्याचे लक्षण आहे. कोल्हापुरात कोणी ओतलेले, साताऱ्यात कोणी घासलेले, तालुक्यात कोणी तीनदा बांधलेले इंजिन काट्यावर चढते, तेव्हा तेथे केवळ बीड मोजले जात नाही. त्या सर्वांचे श्रम कवडीमोल ठरवले जात असतात. ते ठरवण्याचा अधिकार विक्रेत्याला कोणी दिला, हा प्रश्न बाजाराच्या दिवशी, भर चौकात, भंगाराच्या काट्यापाशी उभे राहून विचारण्याची वेळ आली आहे.